आठ जणींचं वजन

६ ऑक्टोबर

फान बाई,

नमस्कार लिहितो, कारण लिहायची पद्धत आहे. मनापासून केलेला नाही.

मी यान जिन-थू, यी-छिंगचा आजोबा. दर शनिवारी तुम्ही रस्सीखेचीच्या आठ पोरी ज्याच्या कालवांच्या शेडमध्ये वजनाला घेऊन येता, तो मीच. तिथेच बोललो असतो. पण तिथे शिंपले फोडून कालवं काढणाऱ्या बायका असतात आणि त्यांचे कान हातापेक्षा जास्त चालतात. फोनवर मला नीट ऐकू येत नाही. म्हणून हे पत्र. मी चौथीपर्यंतच शिकलोय. अक्षराला हसायचं असेल तर आधी हसून घ्या, मग वाचा.

माझ्या नातीचं तुम्ही काय चालवलंय?

उन्हाळ्यात ही पोर बांबूसारखी वाढली. माझ्या चपला तिला होईनात. आता तिच्या गळ्याच्या हाडामागे पाणी साठेल एवढे खड्डे पडलेत. मी बंडीवर फिरतो आणि ही स्वेटर घालून चुलीपाशी बसते. न्हाणीच्या जाळीत केसांचा गुंता अडकतो, तो मी काढतो. माझ्या डोक्यावर केस नाहीत, तेव्हा ते कुणाचे हे कळायला शाळा लागत नाही. अभ्यासाला बसली की तिथेच मान टाकून झोपते.

दोरीवाले कोच काय करतात ते मला माहीत आहे. आठ जणी मिळून चारशे ऐंशी किलोच्या वर जायच्या नाहीत, म्हणून पोरींना उपाशी ठेवतात. शहरातल्या त्या मोठ्या कोचच्या पोरी भर उन्हात रेनकोट घालून पळतात, बाटलीत थुंकत बसतात. तुम्ही मऊ बोलता म्हणून वाटलं, या बाई तशा नसतील. मऊ बोलणाऱ्यांचंच भय जास्त.

नीट ऐका. मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेत यी-छिंग आठ जणींत असलीच पाहिजे. पदक मिळालं तर तिला वसतिगृहासकट वरच्या शाळेत थेट जागा आहे. आणि ती पोटभर जेवलीही पाहिजे. दोन्ही कसं जमवायचं ते तुमचं काम. पगार तुम्ही घेता.

यान जिन-थू

११ ऑक्टोबर

यान आजोबा,

पत्र मिळालं. हसले नाही. राग आला.

मी कुठल्याही मुलीला उपाशी ठेवत नाही. माझ्याकडे रेनकोट नाहीत आणि बाटल्या पाणी प्यायच्या आहेत. जूनमधली पालकसभा आठवते का? मी सांगत होते, या मुली तेरा-चौदा वर्षांच्या आहेत, हाडं वाढतायत, वजन वाढणारच. वजनाच्या वरच्या गटात जाऊ. दोन वर्षं हरू, पण मोठ्या शाळेत जातील तेव्हा अंगात खरी ताकद असेल आणि दोरीचा कंटाळाही आलेला नसेल. तेव्हा खुर्चीवर उभं राहून कोण ओरडलं होतं? "बाई, हरायला शिकवायचा पगार घेता काय?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नवीन होते. मी मान तुकवली. तेवढी चूक माझी.

पण मी एक केलं. कुणाही मुलीचं वजन चारचौघांत पुकारलं जाऊ नये, म्हणून आठही जणी तुमच्या कालवांच्या मोठ्या काट्यावर एकत्र उभ्या राहतात आणि फक्त बेरीज वाचली जाते. कुणाला खाली बघावं लागत नाही. ती बेरीज तुम्हीच मोठ्याने वाचता, आजोबा. ऑगस्टपासून ती उतरतेय. उतरली की तुम्हीच टाळी देता आणि सगळ्यांना ऊस वाटता.

आता यी-छिंगबद्दल. ती मला सांगते की पहाटे शेडमध्ये आगोंगबरोबर, म्हणजे तुम्हा आजोबांबरोबर, रताळं घातलेली पेज आणि मासा खाऊन येते, म्हणून दुपारी भूक नसते. तेव्हा प्रश्न माझा आहे. तुम्ही तिला काय खायला घालता? उंची वाढवायचा म्हणून औषधी दुकानातला तो काळा काढा देत असाल तर आजपासून बंद करा. मंगळवारी सरावानंतर तिला उलटी झाली, आणि उलटीत पाण्याशिवाय काही नव्हतं.

फान म्याओ-रू

१४ ऑक्टोबर

फान बाई,

तुम्ही खोटं बोलता, आणि तेही कागदावर.

माझ्याबरोबर पेज? भरती असेल त्याप्रमाणे मी अंधारातच कालवं लावलेल्या बांबूच्या मांडवांकडे जातो. ती उठते तेव्हा मी गुडघाभर पाण्यात असतो. तिची पेज मी झाकून ठेवतो. परत येतो तर भांडं घासून पालथं घातलेलं. मी समजतो, गुणी पोर, खाऊन भांडंही घासून गेली. परवा ओहोटी उशिरा होती म्हणून मी घरी होतो. म्हटलं, "बस, जेव." तर म्हणाली, "फान बाईंनी सांगितलंय, सराव रिकाम्या पोटी करायचा. मी शाळेत खाते, आगोंग." हे तिचे शब्द. आणि तुम्ही मला काढ्याबद्दल विचारता! तो काढा आमच्या घरात सगळ्यांनी प्यायलाय, कुणी मेलं नाही. म्हणजे मेले, पण म्हातारे होऊन मेले.

शेडमध्ये आमची आ-कुई म्हणते, "पोरी वाळवून विकणार असेल बाई, मासे वाळवतो तशा." सगळ्या हसल्या. मी हसलो नाही.

मी परवाच बस धरून शहरातल्या कोचला भेटून आलो. तो यी-छिंगचा फोटो बघून म्हणाला, "हाड चांगलं आहे, शेवटच्या जागेवर दोरी अंगाला गुंडाळून उभी राहील अशी पोर आहे. वजनाचं माझ्यावर सोडा." तो घेतो म्हणाला. स्पर्धेच्या संमतीपत्रावर सहीच्या जागी माझ्या नावाचा शिक्का लागतो, विसरू नका. शिक्का माझ्या खिशात आहे.

यान जिन-थू

१७ ऑक्टोबर

यान आजोबा,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. दोनदा रागाने, एकदा भीतीने.

मी कधीही, कुणालाही, रिकाम्या पोटी सराव करायला सांगितलेलं नाही. आणि तुम्ही म्हणता की तुम्ही तिच्याबरोबर पेज खात नाही. म्हणजे ती तुम्हाला माझं नाव सांगते आणि मला तुमचं. आपण दोघं एकमेकांवर दात धरून आहोत, कधी नीट बोलणार नाही, हे तिने बरोबर ओळखलं. त्या फटीतून ती उपाशी निघून जाते.

मी तिला बाजूला घेऊन विचारलं. ती बुटांकडे बघत राहिली. मग दोरीवर तिच्या पुढे असते त्या युन-जूला विचारलं. ती रडायलाच लागली. यी-छिंग शाळेतला डबा रोज तिला देते, म्हणते, "तू बारीक आहेस, तू खा." स्वतः बर्फ चघळते. शुक्रवारी पाणीसुद्धा पीत नाही, कारण शनिवारी काटा असतो.

आणखी एक गोष्ट आहे. ऑगस्टपासून तिची पाळी आलेली नाही. ही गोष्ट मी तुमच्याशी बोलू शकत नाही, तुमच्या घरात बाई नाही. आ-कुईकाकूंना विचारा. पण यी-छिंगवर ओरडू नका.

आणि शहरातल्या कोचबद्दल. "वजनाचं माझ्यावर सोडा" म्हणजे काय, हे तुम्हाला कळतं. तुमच्या पहिल्या पत्रात ते तुम्हीच लिहिलंय. ज्या माणसाला शिव्या दिल्या, त्याच्याच दारात नात घेऊन जायला निघालात.

फान म्याओ-रू

१८ ऑक्टोबर

बाई,

कोण आहे तो पोरगा?

अक्षर लागलं नाही तरी वाचा. तुमच्या नाकाखाली हे झालं. पोरी तुमच्या ताब्यात, शिट्टी तुमच्या गळ्यात, आणि तुम्ही मला दोन महिन्यांनी कळवता! टोफूवाल्याचा थोरला सायकल घेऊन शाळेच्या फाटकापाशी उभा असतो, तो का? त्याच्या बापाला मी आज बाजारात विचारलं. तो म्हणाला, "यानकाका, डोकं फिरलं का तुमचं?" फिरलं आहे. मी तिची सायकल कुलूप लावून ठेवली आहे. ती विचारते, "मी काय केलं, आगोंग?" मी कसं सांगू? तिची आजी असती तर तुमच्या दारात येऊन बसली असती आणि गाव गोळा केलं असतं.

चौदा वर्षांची पोर. माझ्या तोंडाला काळं फासलंत तुम्ही.

यान

१९ ऑक्टोबर

यान आजोबा,

तोंड आवरा. आणि टोफूवाल्याच्या घरी जाऊन माफी मागा, त्या मुलाने काहीही केलेलं नाही.

कुठलाही पोरगा नाही. पोटात अन्न गेलं नाही की शरीर खर्च कमी करतं, आणि वाढत्या मुलीत आधी हेच बंद पडतं. तुम्हाला कळेल अशा भाषेत लिहिते: खाडीत खायला काही उरलं नाही तर कालव शिंपल्यात जिवंत राहतं, पण भरत नाही. तुमची नात तशी झाली आहे.

आज दोरीवर ती पडली. घसरली नाही, डोळे फिरून पडली. मी आणि आ-कुईकाकू तिला दवाखान्यात घेऊन गेलो. तुम्ही पाण्यात होतात. डॉक्टर म्हणाले, हेच चालू राहिलं तर हाडं आत्ताच ठिसूळ होतील, आणि या वयात जे हाड भरायचं राहतं ते पुढे कुणी भरून देत नाही. खाऊन अंगात बळ येईपर्यंत दोरीला हात लावायचा नाही.

परतीच्या वाटेवर ती बोलली. तिचेच शब्द लिहिते: "मी वाढले म्हणून बेरीज वाढली, बाई. मी जेवले तर आम्ही आठ जणी चारशे ऐंशीत बसत नाही. मग कुणाला तरी काढावं लागेल." मी म्हटलं, "काढू दे ना!" ती म्हणाली, "मला काढलं तर आगोंग..." पुढचं तुम्हीच तिला विचारा.

माझ्याबद्दलही लिहिते, म्हणजे तुम्हाला शोधावं लागणार नाही. कुणाला लाज वाटू नये म्हणून मी आठ जणींना एकत्र उभं केलं. त्यामुळे बेरीज दिसत राहिली आणि आतून कोण झिजतंय ते दिसलं नाही. चांगुलपणा करायला गेले आणि नजर गमावली. आता प्रत्येकीला वेगळं बसवून विचारलं. आणखी दोघी रात्रीचं जेवण टाळत होत्या.

म्हणून ठरवलं आहे. या शनिवारपासून काटा बंद. पुढच्या रविवारी पालकसभेत मी पुन्हा तेच सांगणार आहे: वरच्या गटात जायचं. तिथे मुली आपल्यापेक्षा जड असतील, आपण बहुतेक हरू, पदक नाही, थेट जागा नाही. पण आठही जणी जेवतील. सगळ्या पालकांचे शिक्के लागतील. बाकीचे तुमच्याकडे बघतात, कारण सगळ्यांत मोठा आवाज तुमचा आहे. खालच्या गटातच राहायचं ठरलं तर यी-छिंगला मी काढणार. तिला उपाशी दोरीवर उभी करणार नाही, हे लिहून देते.

फान म्याओ-रू

२४ ऑक्टोबर

फान बाई,

टोफूवाल्याकडे जाऊन आलो. माफी मागितली नाही, पण टोफू घेतला. त्याला कळलं.

तुम्ही मला दोनच वाटा ठेवल्यात आणि दोन्हीकडे खड्डा. मी काय म्हणतो ते शांतपणे वाचा. मार्च लांब नाही. तेवढं निभावून न्या. अगदी उपाशी नको, अर्धपोटी. मी स्वतः मोजून घालीन. पदक मिळालं, जागा मिळाली की मग तिने बैलासारखं खावं, मी कालवं विकायची सोडून तिला घालीन. एवढे दिवस सगळेच काढतात. मीही लहानपणी रताळ्याच्या सालीवर काढलेत.

तुम्हाला वाटतं मला पदकाचा सोस आहे. माझी छाती रात्रंदिवस वाजते. मुलगा जहाजावर असतो, वर्षातून एकदा घरी येतो तेव्हाही जहाजाचंच बोलतो. सून राजधानीत दुसऱ्या घरी नांदते आहे, तिला दोष देत नाही. मी गेलो तर ही पोर कुणाच्या दारात उभी राहील? वसतिगृह असलं तर निदान छप्पर, तीन वेळचं जेवण, हजेरी घेणारं कुणीतरी. माझी झोप त्या जागेवर टांगलेली आहे. तुम्ही तरुण आहात, तुम्हाला वाढ दिसते. मला तारीख दिसते.

अर्धपोटी चालेल का, एवढंच कळवा.

२५ ऑक्टोबर, सकाळ

वरचं पत्र कालच टाकणार होतो. टाकलं नाही. त्याखालीच लिहितो, कागद कशाला वाया घालवू.

आज मांडवांकडे गेलो नाही. पेज केली, मासा तळला, समोर बसलो. तिने भांड्याकडे असं बघितलं, जसं मी हॉस्पिटलच्या बिलाकडे बघतो.

म्हटलं, "खा."

"नंतर खाते, आगोंग."

"नंतर नाही. आत्ता. माझ्यासमोर."

"खाल्लं तर आकडा वर जाईल."

"जाऊ दे वर! काटा माझा आहे, मी मोडून टाकीन!"

तेव्हा ती म्हणाली, "आकडा उतरला की तू हसतोस, आगोंग."

मी म्हटलं, "मग?"

"दुसऱ्या कशालाच हसत नाहीस."

रागाने नाही म्हणाली. पाऊस येईल असं म्हणावं तसं म्हणाली. मी उठलो. बाहेर जाऊन शिंपल्यांच्या ढिगाऱ्यापाशी उभा राहिलो. आत आलो तर अर्धी पेज संपली होती आणि ती रडत होती, पण चमचा चालू होता.

संमतीपत्र सोबत आहे. वरच्या गटासाठी. शिक्का मारला आहे, जोरात मारला म्हणून कागद थोडा फाटलाय, तसाच चालवून घ्या. हा तुमचा विजय समजू नका. आठ जणींना एकत्र उभं करायची अक्कल तुमचीच होती, ते मी विसरणार नाही. आकडा मी वाचत होतो, ते तुम्हीही विसरणार नाही, हे मला माहीत आहे.

रविवारी सभेत मी बोलणार. तुम्ही मधे बोलू नका. तुम्ही पटवायला जाता आणि लोक चहा पिऊन नाही म्हणतात. मी शिव्या देईन, त्यांना सवय आहे.

यान जिन-थू

२६ फेब्रुवारी

यान आजोबा,

सभेत तुमच्या शिव्यांनी सगळ्यांचे शिक्के मिळाले, त्यानंतर इतके महिने आपण एकमेकांना लिहिलं नाही. बरं वाटलं.

डॉक्टरांनी यी-छिंगला दोरीची परवानगी दिली आहे. आ-कुईकाकूंनी तुम्हाला बाकीचं सांगितलं असेलच, त्याबद्दल मी लिहीत नाही. ती आता शेवटच्या जागेवर उभी राहते. उभी राहते तेव्हा पुढच्या सात जणी निश्चिंत ओढतात.

दोन विनंत्या आहेत. एक, स्पर्धेच्या आदल्या दिवशी काढा देऊ नका. मला वास येतो. दोन, गॅलरीतून ओरडू नका. मागच्या वेळी पंचांनी मला तुमच्याबद्दल विचारलं होतं. मी ओळखत नाही म्हणून सांगितलं. पुन्हा तसं सांगावं लागू नये.

हरणार आहोत, हे मुलींना सांगितलं आहे. तुम्हालाही सांगते.

फान म्याओ-रू

२० मार्च

फान बाई,

हरलात. सांगितलं होतं तसंच. दुसऱ्याच फेरीत. त्या डोंगराकडच्या शाळेच्या पोरी म्हणजे पोरी नव्हत्या, म्हशी होत्या. तरी पहिल्या ओढीत आपल्यांनी त्यांना धरून ठेवलं. यी-छिंग जवळजवळ जमिनीला पाठ लावून होती आणि हलत नव्हती. मग सगळ्या एकदम घसरत गेल्या. मी ओरडलो. तुम्ही नको म्हणाला होतात, तरी ओरडलो. पंचाला ओरडलो आणि तुम्हालाही ओरडलो. तुम्ही ऐकलंत, मला माहीत आहे, तुमची मान ताठ झाली होती.

जागा गेली. पालक माझ्याशी बोलत नाहीत. युन-जूचा बाप बसमध्ये मला ऐकू जाईल असं म्हणाला, "एका म्हाताऱ्याच्या नातीने पेज खावी म्हणून आमच्या सात पोरींचं वर्ष गेलं." मी उठलोच होतो त्याला दाखवायला. शिवाय मी तुमच्याबद्दलही दोन शब्द काढले, तेही मोठ्याने. म्हटलं, त्या बाईला ओढायचं शिकवता येत नाही, हरायचं तेवढं शिकवते.

तेव्हा यी-छिंग सीटवर उभी राहिली आणि अख्ख्या बससमोर माझ्यावर ओरडली.

"आगोंग, खाली बस! आम्ही हरलो, तू नाही! बाईंना एक शब्द बोलायचा नाही! आणि काका, तुम्हीसुद्धा गप्प बसा, तुमच्या युन-जूने आज मोठी ताकद लावली, तुम्हाला दिसलं नाही का? सगळे गप्प बसा!"

ड्रायव्हरने आरशातून बघितलं. माझ्या आयुष्यात मला असं कुणी बोललेलं नाही. बायकोसुद्धा नाही, आणि तिला बोलता येत होतं. मी हात उगारणार होतो. मग तिच्याकडे बघितलं. मानेची शीर तट्ट फुगलेली, तोंड लालबुंद, आवाज असा की खिडकीची काच थरथरावी.

तेव्हा कळलं, बाई. उपाशी होती तोवर ती मला फक्त "हो आगोंग" म्हणत होती. हो आगोंग, खाल्लं आगोंग, झोपते आगोंग. मला वाटायचं किती गुणी झाली आहे, सगळ्या शेडला सांगत फिरायचो. गुणी कसली! भांडायला लागतं तेवढंही तिच्या अंगात उरलं नव्हतं.

मी खाली बसलो.

आता रोज भांडते. काल रेडिओवरून भांडली, आज मी छातीचं औषध घेतलं नाही म्हणून भांडली. वरच्या शाळेची प्रवेश परीक्षा अभ्यास करून देणार म्हणते. मी म्हटलं, "जमेल का?" तर म्हणाली, "तुला काय करायचंय? तू कालवं बघ." माझी झोप अजूनही लागत नाही, छप्पर अजूनही कुठे मिळालेलं नाही. पण घरात दोन माणसं राहतात असं वाटतं.

तुमच्यावरचा माझा राग आहे तसाच आहे. तुम्हीही ठेवा, उतरवू नका, नाहीतर मी कुणाला लिहू?

सोमवारपासून ती सरावाला येईल. जरा जपून राहा. उलट बोलते आता.

यान जिन-थू